चौथ्या डबीचं पाणी

सोमवार, ३ तारीख

तू विसरली असशील म्हणून आधीच सांगते, मी तुझी आई. गेल्या खेपेला जहाजावर निघालीस तेव्हा टॉवेल विसरलीस, दात घासायचा ब्रश विसरलीस, आणि अर्ध्या जिन्यातून परत आलीस ती कशाला आले होते तेच विसरून गेलीस. पोरीला, मुंगीला, विसरली नाहीस एवढं खरं. तिला मुद्दाम माझ्याकडे ठेवलंस. म्हणून हे सगळं नोंदवून ठेवतेय. जहाज बंदराला लागलं की वाच. तोंडी सांगायला गेले तर तू 'हं, हं' करत मनातल्या मनात इंजिन उघडून बसतेस.

खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने फोनमध्ये सोय करून दिलीय. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, लिहायचं काम फोनचं. तारीखही तोच घालतो. माझ्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. जन्मभर कागदावर अंगठा उठवताना मान खाली घातली, आता त्याच अंगठ्याला किल्लीचा मान आलाय. शिंपी म्हणाला, "मावशी, हवं ते बोला, कुणी वाचणार नाही." म्हटलं, मग बोलू कशाला?

तर हालहवाल. मुंगीच्या पायाचं प्लास्टर अजून महिनाभर तरी आहे. आठ वर्षांची चिमुरडी, पण प्लास्टरसकट उचलायची म्हणजे कपाट सरकवल्यासारखं. सकाळी तिचं सगळं आवरेपर्यंत माझं अंग आंबून जातं. मी जरा खुर्चीला पाठ टेकते, तोवर ती म्हणते, "आजी, शाळा लाव."

शाळा म्हणजे टॅबलेट. तुला फोनवर अर्धंच सांगता आलं होतं. तीन महिने बुडाले, बाकीचे विषय शाळा चालवून घेईल. पण विज्ञानाचे बारा धडे ऑनलाइन पुरे करायचे, प्रयोग घरी करायचे, निरीक्षणं स्वतःची हवीत, तीस तारखेच्या आत. झालं तर चौथीत. नाहीतर पुन्हा तिसरीत, धाकट्या पोरांच्या बाकावर. सात झालेत, पाच राहिलेत. मुंगी परवा मला विचारत होती, "आजी, तिसरीचे बाक चौथीपेक्षा लहान असतात का गं?"

बुधवार, ५ तारीख

आठवा धडा झाला. काय तरंगतं, काय बुडतं. अंथरुणावर परात ठेवून केला, त्यामुळे मुंगी सोडून सगळं बुडालं. चादर, उशी, माझं दुपारचं पडणं.

त्या धड्यांमध्ये एक बदक आहे. डोळ्यांवर मोठा चष्मा, अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट. उत्तर बरोबर आलं की पंख फडफडवून नाचतं आणि पुढचा धडा उघडतो. चुकलं की मान हलवतं आणि म्हणतं, "अरेरे! पुन्हा पाहा बरं!" पुढचं दार बंद. या वयात माझ्यावर बदकाने डाफरायचं बाकी राहिलं होतं.

खऱ्या बाईही आहेत. बुधवारी तासभर पडद्यावर येतात. चाळीस पोरं, चाळीस चौकटी, आणि बाईंच्या मांडीवर त्यांचं स्वतःचं बाळ त्यांचे केस ओढतंय. डोळ्यांखाली काळं आलंय बिचारीच्या. बोलतात मात्र गोड. आम्ही दोघी पडद्यातून एकमेकींना बघतो, आणि मला वाटतं त्यांनाही माझ्यासारखंच जरा आडवं व्हायचं असतं.

शनिवार, ८ तारीख

नववा धडा. बी उगवायला काय लागतं. चार डब्या, चारींत कापूस, प्रत्येकीत घेवड्याचे तीन तीन दाणे. पहिलीत पाणी, ती खिडकीत. दुसरीत पाणी, पण कपाटात, अंधारात. तिसरीत पाणी, ती फ्रिजमध्ये. चौथी खिडकीतच, पण कोरडी. पाणी अजिबात नाही.

मी म्हटलं, "हिने काय घोडं मारलंय?"

"आजी, ती तुलनेसाठी असते."

"तुलनेसाठी उपाशी ठेवायची?"

"हात लावायचा नाही हं. बदकाने सांगितलंय."

हात लावायचा नाही म्हणे. डब्या भरल्या मी, खिडकीत ठेवल्या मी, फ्रिजमध्ये जागा केली मी. ही पलंगावरून बोट दाखवणार.

सोमवार, १० तारीख

फार दमले आज. मुंगीला अंघोळ घातली, म्हणजे ओल्या फडक्याने पुसून काढली, तरी पाठीत कळ आली. मग भांडी. मग ती झोपली, आणि मी खिडकीपाशी बसले.

पहिल्या डबीतले दाणे फुगून गुबगुबीत झालेत. शेजारी चौथी. दाणे आहेत तसे, सुरकुतलेले. बघवेना गं. तिघांना वाढलंय आणि चौथा रिकामं ताट घेऊन गप्प बसलाय, तक्रारसुद्धा नाही. मी चहाचा चमचा घेतला. एकच चमचा. एका चमच्याने काय होतंय?

मुंगी झोपलेलीच होती. पापण्या तेवढ्या हलत होत्या, स्वप्न पडत असेल.

हे पान तुला वाचायला देईन की नाही ते नंतर ठरवू.

बुधवार, १२ तारीख

काल एक चमचा, आज एक चमचा. सवयच लागली. कामं उरकली, पोरगी निजली की मी आणि चौथी डबी.

मुंगी रोज वहीत डब्यांची चित्रं काढते. हात चांगला आहे तिचा, तुझ्यावर नाही गेली. आज बघितलं तर चौथ्या डबीच्या चित्राशेजारी एक चष्मा काढलेला. कालच्या पानावर एक, परवाच्या पानावर एक. काड्यांना दोरीसुद्धा काढलीय.

"हे काय गं? चष्म्यांचं दुकान टाकलंस?"

"खूण आहे."

"कसली?"

"नीट बघण्याची."

बदकाचा असेल. पण बदकाच्या चष्म्याला दोरी नाही बहुतेक. माझं लक्ष नसतं तेवढं. आज माझ्याच चष्म्याची दोरी चहात पडली, तेसुद्धा कप संपल्यावर कळलं.

शुक्रवार, १४ तारीख

उगवलं! चौथ्या डबीतल्या एका दाण्याला पांढरं टोक आलंय. आधी मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, एकटीच हसले. मग लक्षात आलं. हे उगवायचं नव्हतं.

मुंगीला डबी जवळ नेऊन दाखवली. तिने टोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"उगवलंय," ती म्हणाली.

"चिवट असेल दाणा," मी म्हणाले.

"हं."

शनिवार, १५ तारीख

बदकाने मान हलवली. मुंगीने चारही डब्यांचे फोटो पाठवले, निरीक्षणं भरली. पहिली, उगवलं. दुसरी, उगवलं. तिसरी, नाही. चौथी, उगवलं. "अरेरे! पुन्हा पाहा बरं!" तीनदा. दहावा धडा बंद.

मी म्हटलं, "नाही उगवलं असं भर ना. काय बिघडतं?"

"पण उगवलंय."

"बदकाला कुठे दिसतंय?"

"मला दिसतंय ना."

आता यावर बोला. हट्टाला तुझ्यावर गेलीय.

सोमवार, १७ तारीख

बाईंचा निरोप आला. मुंगीने वाचून दाखवला. कोरड्या डबीत अंकुर कसा आला असेल, तुला काय वाटतं, विचार करून लिही.

मुंगीने फार विचार केलाच नाही. टपाटप तीन शब्द लिहिले आणि पाठवून दिले.

"काय लिहिलंस?"

"उत्तर."

"काय उत्तर?"

"आजी, मला तहान लागलीय."

पाणी आणून दिलं. 

मंगळवार, १८ तारीख

आज काहीच घडलं नाही, आणि तेच मानेवर बसलंय. बारा दिवस राहिले. धडा पुढे सरकत नाही. मुंगी पुस्तकातली चित्रं बघत पडून असते, तिला कळतंय काय चाललंय.

खरं सांगते. सांगून टाकायचं म्हटलं तर एका वाक्याचं काम आहे. पण हीच पोरगी तीन महिन्यांपूर्वी कुंपणावरून पडली आणि 'मी चढलेच नव्हते' म्हणाली, तेव्हा मी तिला तासभर खरं बोलण्यावर ऐकवलं होतं. प्लास्टर ओलं होतं तेव्हा, आणि माझी जीभ चालूच. आता कोणत्या तोंडाने? आणि तुला काय सांगू? जाताना तू विचारलंस, "आई, जमेल ना?" मी म्हटलं, न जमायला काय झालं. एवढी मोठी झाले, एक डबी कोरडी ठेवता आली नाही.

शिंप्याला विचारलं, गिऱ्हाइकाचं कापड चुकून कापलं गेलं तर तू काय करतोस? म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक यायच्या आत सांगतो. आल्यावर सांगितलं की शिव्या दुप्पट." मोठा शहाणा. कामात चार टाके कमी घालतो, तोंडाने चार जास्त.

बुधवार, १९ तारीख

सांगितलं.

तास संपला, बाकीच्या चौकटी विझल्या. बाईंनी मुंगीला थांबायला सांगितलं होतं. मी पडद्याच्या बाजूला, दिसणार नाही अशी, उशीला अभ्रा घालत बसले होते. बाळ बाईंच्या खांद्यावर झोपलं होतं, म्हणून त्या हळू बोलत होत्या.

"बाळा, मी रागावणार नाही. फक्त खरं सांग. फोटो दुसऱ्या कुणाकडून घेतलेस का?"

"नाही."

"मग डबी बदलली गेली का चुकून?"

"नाही."

"मग मी विचारलं तर 'मला विचारू नका' असं का लिहिलंस?"

मुंगीचा खालचा ओठ बाहेर आला. तुला माहितीय तो ओठ. तो आला की मागोमाग काय येतं तेही माहितीय. आणि मला वाटलं, ही पोरगी पुन्हा तिसरीत बसेल पण तोंड उघडणार नाही. कुणासाठी, ते अजून माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मी अभ्रा टाकून पडद्यासमोर गेले. माझं अर्धंच तोंड दिसत होतं म्हणे. "बाई," म्हटलं, "ते पाणी मी घातलं."

बाईंनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"किती दिवस, आजी?"

"पाच."

"किती?"

"चमचाभर. चहाचा."

"का हो?"

 म्हटलं, "बघवेना."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होत्या की काय, कळलं नाही. मग मुंगीला म्हणाल्या, "तुला ठाऊक होतं?"

मुंगीने वही उचलली आणि पान उलटून उलटून पडद्यासमोर धरली. बाईंनी बोटाने मोजलं. "एक, दोन, तीन, चार, पाच." मग माझ्याकडे बघितलं. माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे, दोरीकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाचही दुपारी ही कार्टी जागी होती. पापण्या म्हणे स्वप्नाने हलत होत्या!

शेवटच्या चष्म्याखाली दोन ओळी लिहिलेल्या होत्या. बाईंनी त्या मनातल्या मनात वाचल्या आणि झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून उगाचच हात फिरवत राहिल्या.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"निरीक्षण आहे, आजी. बरोबर आहे."

नंतर मुंगीला विचारलं तर म्हणते, "बाईंनी सांगितलं ना, निरीक्षण आहे." त्या पानाचा फोटो काढायला शिंप्याला लावलाय, तुला पाठवते. वाच, पण मला सांगू नकोस. पोरीने माझं पाच दिवसांचं गुपित पोटात ठेवलं, माझ्याने तेवढं तरी ठेवता यायला हवं.

आणि निकाल असा. बाई पुढचे धडे उघडून देतील. पण नववा पुन्हा करायचा. चार डब्या, नवे दाणे, सहा दिवस, तीसच्या आत. "आणि आजी," बाई म्हणाल्या, "यावेळी चौथी डबी तुमच्या हातात आहे." त्यांना म्हणायचं होतं, मुंगी उठू शकत नाही म्हणून ठेवायला माझेच हात लागणार. पण मला लागलं ते.

शुक्रवार, २१ तारीख

काल डब्या मांडल्या. शिंपी म्हणाला, चौथी माझ्या दुकानात ठेवा. पण तीही त्याच खिडकीत हवी, तोच उजेड, नाहीतर तुलना बिघडते. हे त्याला मी समजावलं, मी! तो टाचणी तोंडात धरून ऐकत होता.

मी खुर्ची फिरवून बसते आता, खिडकीकडे पाठ करून. समोर मुंगी. ती झोपत नाही, मीही नाही. दोघी एकमेकींवर पहारा करतो.

"आजी, तू पाणी घातलंस तरी चालेल."

"कसं चालेल?"

"मी लिहीन, आजीने घातलं."

"आणि तिसरीत बसशील?"

तिने जरा विचार केला. "बसेन. पण मग तू पण ये माझ्या बाकावर. तुला वाचायला शिकवतील."

काय तोंड आहे! कुणावर गेलीय विचारू नकोस.

सोमवार, २४ तारीख

दहावा झाला, अकरावा झाला. सावल्या मोजल्या, लोहचुंबकाला घरातले सगळे डबे चिकटवून बघितले. बदक नाचतंय. माझे पाय सुजलेत.

आज खिडकी पुसायची म्हणून उठले आणि डबी हातात आली. दाणे तसेच. खरंच तसेच, चार दिवस झाले तरी. हातात ओलं फडकं होतं. फडकं पिळलं असतं तर दोन थेंब पडले असते, आणि ते मी केलं असंही म्हणता आलं नसतं. मुंगीने वहीतून डोकं वर काढलं नाही. पेन्सिल तेवढी थांबली.

डबी जागेवर ठेवली. खिडकीची काच तेवढी तशीच मळकी राहिली.

बुधवार, २६ तारीख

सहा दिवस पुरे. पहिली, उगवलं. दुसरी, उगवलं, पण पिवळट आणि लांबट, अंधारात चाचपडल्यासारखं. तिसरी, नाही. चौथी, नाही.

बदकाने पंख फडफडवले, कोटाच्या खिशातून फुगे काढले, काय नि काय. मुंगी हसली. मी नाही हसू शकले. खुर्चीत बसले ती उठवेना. एवढी दमणूक कधी झाली नव्हती, तुझ्या बाळंतपणातही नाही. आणि काय केलं म्हणून दमले? काही नाही. सहा दिवस काही केलं नाही.

"आजी, आता प्रयोग संपला," मुंगी म्हणाली. "चमचा दे."

"तुला कशाला?"

"चौथीतले मेलेत की थांबलेत, ते बघू."

चमचा तिच्या हातात दिला, डबी पलंगावर नेली. अर्धं पाणी प्लास्टरवर सांडलं.

शनिवार, २९ तारीख

बारावा झाला. एक दिवस आधी. बाईंनी पडद्यातून टाळ्या वाजवल्या, त्या आवाजाने त्यांचं बाळ उठलं आणि रडायला लागलं. बाई म्हणाल्या, "आजी, आता मी पण जरा पडते." म्हटलं, पडा बाई, दोघी पडू.

बुधवार, ३ तारीख

शाळेतून आलं. चौथीत गेली.

निरोप मुंगीनेच वाचला, दोनदा, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग विचारलं, "आजी, आता चौथीचे बाक बघायला कधी जायचं?" प्लास्टर पुढच्या आठवड्यात काढणार आहेत. पाय बारीक झाला असेल, चालायला वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पुढचा महिना मला तिला धरून जिना चढायचा आहे. आनंद आहे सगळा.

चौथीतले दाणे मेले नव्हते. तिघांपैकी दोन आले. आता पहिल्या खेपेचे, दुसऱ्या खेपेचे, कपाटातले पिवळे, सगळे दाणे कपांत लावलेत, कारण फेकवत नाहीत, आणि मुंगीही म्हणते, अजून वाढू दे, बघू. खिडकीत वेल चढलेत. मी चहा वाटीतून पितेय.

तू बंदराला लागलीस की खाऊ पाठवशीलच, विसरली नाहीस तर. खजूर पाठव. पोरीच्या हाडाला बरा आणि माझ्या दातांना झेपतो. पण बी काढलेला पाठव. बियांचा अजिबात पाठवू नकोस, घरात एकही रिकामा कप उरलेला नाही.